उसन्या घड्याळावरचे स्वातंत्र्य

गेल्या दिवाळीत भाऊबीजेसाठी पुण्यास जाणे झाले. बहिणीचे घर सदाशिव पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत. रिक्षावाला तरुण होता, पेठेतला नव्हता. त्याच्या फोनवरील नकाशाने आम्हाला मागच्या बोळात नेऊन उभे केले आणि ठिकाण आल्याचे निःशंकपणे जाहीर केले. पुढचा रस्ता मीच दाखविला. जेवताना हा प्रसंग सांगितला तेव्हा संगणक अभियंता असलेला भाचा हसून म्हणाला, "मामा, गल्लीबोळात इतके चालायचेच. फुकट मिळणाऱ्या वस्तूकडून तुम्ही अजून किती अपेक्षा ठेवणार? आणि फुकट मिळत असताना आपले सरकार स्वतःचे उपग्रह कशाला सोडत बसते, हेच मला कळत नाही."

भाचा हुशार आहे, सुस्वभावी आहे, देशावर त्याचे प्रेमही आहे. म्हणूनच त्याचे हे वाक्य मला झोंबले. 'फुकट मिळते, मग स्वतःचे कशाला' हा प्रश्न आज सुशिक्षित मराठी घराघरांतून ऐकू येतो. एकेकाळी मँचेस्टरचे कापड स्वस्त पडते, मग चरखा आणि देशी गिरण्या कशाला, असे विचारणारेही असेच हुशार आणि सुस्वभावी होते.

या प्रश्नाचे उत्तर घोषणांनी देता येणार नाही. त्यासाठी ही वस्तू मुळात काय आहे, हे पाहावयास हवे.

बहुतेकांची समजूत अशी की उपग्रह आपल्याला वरून पाहतो आणि 'तू अमुक ठिकाणी आहेस' असे कळवतो. तसे मुळीच नाही. उपग्रहाला आपण आहोत की नाही, हेदेखील ठाऊक नसते. तो केवळ दोन गोष्टी अखंड उच्चारत असतो: आत्ता किती वाजले आणि मी स्वतः कोठे आहे. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तेथून निघालेला संदेश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. खिशातील यंत्र हा विलंब मोजते, त्यास प्रकाशाच्या वेगाने गुणते आणि उपग्रहाचे अंतर काढते. तीन उपग्रहांची अंतरे कळली की भूमितीने स्थान निघावयास हवे. परंतु आपल्या फोनमधील घड्याळ साधे क्वार्ट्झचे, त्याची चूक किती हे अज्ञात. म्हणून अज्ञाते तीन नव्हेत, चार होतात आणि चौथा उपग्रह आवश्यक ठरतो. चारांहून कमी उपग्रहांवर स्थान ठरविता येत नाही. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

म्हणजे ही सारी विद्या नकाशाची नसून घड्याळाची आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. उपग्रहावरील घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तर जमिनीवरील अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणूनच तेथे अणुघड्याळे असतात. रुबिडियमचा अणू एका सेकंदात सुमारे ६८३ कोटी कंपने इतक्या निश्चित वारंवारतेला प्रतिसाद देतो आणि त्या तालावर घड्याळ बांधलेले असते. इतकी अचूकता आली की आइन्स्टाइनलाही हिशेबात घ्यावे लागते. उंचावर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने तेथील घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे पळते, आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उरलेले ३८ मायक्रोसेकंद दुरुस्त केले नाहीत तर एका दिवसात सुमारे दहा किलोमीटरची चूक साचेल. ज्यांना सापेक्षतावाद हा केवळ फळ्यावरचा विषय वाटतो, त्यांनी आपला फोन खिशातून काढून एकदा आदराने पाहावा.

आता प्रश्न असा की हे घड्याळ कोणाचे? जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली लष्करी व्यवस्था आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. परंतु खुली केली ती जाणूनबुजून बिघडवून! नागरी संदेशातील वेळेत मुद्दाम चूक मिसळली जाई आणि त्यामुळे जगभरच्या सामान्य वापरकर्त्याला सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकीचे स्थान मिळे. अचूक संदेश सांकेतिक, तो अमेरिकी सेनेसाठी आणि तिने अधिकार दिलेल्यांसाठी राखीव. यातही गंमत पाहा. १९९० मध्ये आखाती युद्ध उभे राहिले तेव्हा अमेरिकी सैनिकांकडे लष्करी यंत्रे पुरेशी नव्हती, बाजारातील नागरी यंत्रे त्यांच्या हाती द्यावी लागली. लगेच ती मिसळलेली चूक काढून टाकण्यात आली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९९१ मध्ये चूक पुन्हा मिसळण्यात आली. कळ ज्याच्या हातात, सोय त्याची.

येथे आपल्याच मंडळींना दोन शब्द सांगणे भाग आहे. कारगिलच्या युद्धात आपण अमेरिकेकडे जीपीएस मागितले आणि तिने नाकारले, ही कथा कित्येक वर्षे आपल्या भाषणांतून आणि व्याख्यानमालांतून सांगितली जाते. ती ऐकून श्रोत्यांचे रक्त तापते, हे खरे. परंतु नागरी जीपीएस मागावे लागत नाही. ते आकाशातून शत्रुमित्रांवर सारखेच बरसते. तेव्हा ही कथा ज्या रूपात सांगितली जाते त्या रूपात अर्धवट आहे आणि एखाद्या जाणकाराने सभेत उठून विचारले तर वक्त्याची फजिती ठरलेली. वास्तविक तिची गरजच नाही. जे निर्विवाद आहे तेच पुरेसे बोचरे आहे. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात मुद्दाम मिसळलेली चूक चालू होती. नियंत्रण रेषा ओलांडावयाची नाही, असा वाजपेयी सरकारचा आपल्या हवाई दलास आदेश होता. पर्वतांच्या त्या धारेवर शंभर मीटर म्हणजे शिखराचा हा उतार की तो उतार, एवढा फरक! आपल्या वैमानिकांनी आणि जवानांनी ते युद्ध दुसऱ्याने हेतुपुरस्सर चुकीच्या केलेल्या घड्याळाच्या छायेत लढले. नाकारण्यासाठी कोणाला 'नाही' म्हणण्याचीही गरज पडली नाही.

पुढे मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक काढून टाकली. आपल्या वर्तमानपत्रांनी त्या औदार्याचे कौतुक केले. मात्र त्याच घोषणेत आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितलेली होती: आपल्या राष्ट्रीय सुरक्षेस धोका उत्पन्न झाल्यास विशिष्ट प्रदेशापुरती ही सेवा रोखण्याची क्षमता अमेरिकेने सिद्ध केली आहे, म्हणून ही सवलत देणे शक्य होत आहे. म्हणजे जगावरचे झाकण काढले ते हव्या त्या प्रदेशावर झाकण ठेवण्याची युक्ती साधल्यावर. यात अमेरिकेला दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. तिने आपल्या करदात्यांच्या पैशाने घड्याळ बनविले आणि आपल्या हितासाठी ते वापरले. दोष असलाच तर शेजाऱ्याच्या घड्याळावर आपल्या घरचे मुहूर्त ठरविणाऱ्याचा आहे.

"पण मामा, आता तसे काही कोण करणार?" भाच्याचा पुढचा प्रश्न. हेतू शुद्ध असला तरी हात चुकू शकतो. २६ जानेवारी २०१६ रोजी, आपल्या प्रजासत्ताकदिनीच, अमेरिकेने एक जुना उपग्रह सेवेतून काढला आणि त्या गडबडीत इतर काही उपग्रहांवर वेळेची चुकीची माहिती चढविली गेली. चूक अवघी १३ मायक्रोसेकंदांची. स्थान मोठे चुकले नाही; मात्र त्या वेळेवर चालणाऱ्या दूरसंचार आणि प्रसारण यंत्रणांत देशोदेशी धोक्याच्या घंटा वाजल्या. एप्रिल २०१४ मध्ये रशियाची ग्लोनास यंत्रणा चुकीच्या कक्षामाहितीमुळे कित्येक तास निरुपयोगी झाली होती. जुलै २०१९ मध्ये युरोपचे गॅलिलिओ जवळजवळ आठवडाभर बंद होते.

आता या विषयाच्या ज्या अंगाकडे आपले स्वदेशीचे पुरस्कर्तेही सहसा वळत नाहीत, तिकडे येऊ. संदेश येतो तो निर्वातातून सरळ येत नाही. भूपृष्ठापासून शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेला वायूचा थर आहे, त्यास आयनांबर म्हणतात. त्यातून येताना संदेश रेंगाळतो आणि काही मीटरांपासून काही दशक मीटरांपर्यंत चूक निर्माण होते. हा थर सर्व देशांवर सारखा नाही. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. विक्रम साराभाईंनी केरळमधील थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला, तो याच कारणाने. या विषुववृत्तावरील विद्युतभार दिवसा वर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंस साचतो. उत्तरेकडील साठा अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर येतो. जगात हा थर जेथे सर्वाधिक चंचल आहे, तेथे आपला देश वसलेला आहे. विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत सूर्यास्तानंतर या थरात पोकळ्या उठतात आणि संदेश ताऱ्यांसारखा लुकलुकू लागतो, कधी तुटतोही.

जीपीएस आपल्या संदेशासोबत या विलंबाची एक अंदाजी दुरुस्ती पाठविते. आठ गुणकांच्या त्या सूत्राने साऱ्या जगाचे आकाश एका मापाने मोजले जाते आणि सरासरीने निम्मी चूक दूर होते. निम्मी! परदेशी शिंप्याने साऱ्या जगासाठी बेतलेला अंगरखा आपल्या अंगाला कोठे आखूड, कोठे ढगळ व्हावयाचाच. आपल्या शास्त्रज्ञांनी काय केले, हे भाच्यासारख्यांना कोणी सांगत नाही. 'नाविक' यंत्रणा आपल्या प्रदेशाच्या आकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची दुरुस्ती वेगळी पाठविते. त्याखेरीज ती दोन वेगवेगळ्या वारंवारतांवर बोलते. दोन्ही ऐकणाऱ्या यंत्राला विलंबातील फरकावरून आयनांबराची चूक स्वतःच काढून टाकता येते. विमानांसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली 'गगन' ही यंत्रणाही याच चंचल आकाशाशी झुंजून सिद्ध झाली आहे. जीपीएसच्या चुका जमिनीवरील केंद्रांतून मोजून ती दुरुस्ती उपग्रहाद्वारे विमानांना कळविते. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे एक प्रवासी विमान तिच्या आधारे उतरविण्यात आले. हे यश बाजारात विकत मिळणारे नव्हते, कारण असे आकाश ज्यांच्या डोक्यावर नाही त्यांना त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते.

सदाशिव पेठेतल्या बोळाचे उत्तरही येथेच देऊन टाकतो. तेथे दोष आकाशाचा नव्हे, भिंतींचा. उंच इमारतींच्या फटीतून आकाशाची केवळ एक पट्टी दिसते, उपग्रह एका रांगेत येतात आणि संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो. त्यावर कोणत्याही राष्ट्राच्या उपग्रहांची मात्रा पूर्ण चालत नाही. ठाऊक असलेला रस्ता रिक्षावाल्याला आपणच सांगावा!

असो. हे सारे वाचून कार्यकर्त्यांची छाती फुगली असेल, तर आता थोडे कडू घेण्याची तयारी ठेवावी.

आपल्या स्वतंत्र यंत्रणेस २००६ साली १,४२० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. ज्या सरकारने ती दिली ते आपल्या विचारांचे नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी, आणि त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिला 'नाविक' हे समर्पक नाव दिले. पेढे वाटले गेले, अग्रलेख लिहिले गेले, मीही लिहिला. परंतु त्या उपग्रहांच्या पोटात टिकटिकणारी रुबिडियम घड्याळे युरोपातून विकत आणलेली होती. त्याच वर्षी पहिल्या उपग्रहावरील तिन्ही घड्याळे एकामागून एक बंद पडली. घड्याळ थांबलेला दिशादर्शक उपग्रह म्हणजे कीर्तनकाराविना उभे राहिलेले टाळकरी. युरोपच्या गॅलिलिओवरही याच काळात घड्याळे बंद पडण्याचे संकट आले होते. पण त्यांचे उपग्रह अधिक, आपले मोजून सात. बदली उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडला, तो अग्निबाणाचे उष्णतारोधक कवचच न उघडल्याने आतच अडकून राहिला. पुढील बदली एप्रिल २०१८ मध्ये पोहोचली.

आणि मग? मग पाच वर्षे काहीही नाही. पुढचा दिशादर्शक उपग्रह थेट २९ मे २०२३ रोजी गेला. त्यावर प्रथमच अहमदाबादच्या केंद्रात घडविलेले स्वदेशी अणुघड्याळ होते, ही अभिमानाचीच गोष्ट. त्यानंतरचा उपग्रह २९ जानेवारी २०२५ रोजी गेला, श्रीहरिकोट्याचे शंभरावे उड्डाण म्हणून. अग्निबाणाने आपले काम चोख केले. पण उपग्रहाच्या इंजिनाकडे ऑक्सिडायझर नेणारी झडप उघडली नाही आणि तो नियोजित कक्षेत जाऊ शकला नाही. शंभराव्या उड्डाणाचे अभिनंदन आपण घरोघर पाठविले. त्या झडपेची चौकशी किती जणांनी केली?

जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, आजवर सोडलेल्या ११ उपग्रहांपैकी स्थान आणि वेळ सांगण्याचे काम करीत होते ते फक्त ४. आरंभी लक्षात ठेवावयास सांगितलेला आकडा तो हाच. चारापेक्षा एकही कमी चालत नाही, आणि आपल्यापाशी नेमके चार उरले होते; त्यातला एक बंद पडला तर राखीव म्हणून पाचवा नाही. चीनकडे पाहा. २००० साली त्याने पहिला उपग्रह सोडला, युरोपच्या प्रकल्पात काही काळ भागीदारी करून पाहिली, मग स्वतःची वाट धरली आणि जुलै २०२० मध्ये साऱ्या जगाला व्यापणारी बैदू यंत्रणा पूर्ण झाल्याचे जाहीर केले. शत्रूकडून जिद्द शिकण्यात कमीपणा नाही. रशियाची यंत्रणा सोव्हिएत संघाच्या पडझडीनंतर उपग्रहांअभावी जवळजवळ मोडली होती. त्याने ती २०११ पर्यंत पुन्हा २४ उपग्रहांवर आणली. आपल्याकडे शास्त्रज्ञ कमी आहेत असे नव्हे. कमी आहे तो सातत्याचा आग्रह, आणि तो आग्रह शासनाकडे धरणारा समाज. आपल्याला उड्डाणाचा उत्सव आवडतो, देखभालीची चिकाटी कंटाळवाणी वाटते. विरोधी पक्षाच्या सरकारात हे घडले असते तर आपण याच पृष्ठांवर किती लेख लिहिले असते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आणि संकट काही पुढच्या पिढीचे नाही. उपग्रहाचा संदेश जमिनीवर येईतो इतका क्षीण होतो की एका वॅटचे शंभर कोटी-कोटी भाग केले तर त्यातील एखादा भाग हाती येतो. त्यास दडपण्यासाठी एक छोटे यंत्र पुरे. त्याहून घातक म्हणजे खोटा संदेश पाठवून विमानाला किंवा जहाजाला भलत्याच जागी असल्याचे भासविणे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अशा हस्तक्षेपाचे ४६५ प्रसंग नोंदले गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्यांतील बहुसंख्य अमृतसर आणि जम्मू परिसरातील होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे लोण खुद्द दिल्लीच्या विमानतळापर्यंत पोहोचले. येथे स्वतःच्या यंत्रणेचे महत्त्व दुहेरी आहे: पडताळणीसाठी दुसरा आवाज हाताशी राहतो, आणि सेनादलांसाठी आपल्याच कुलूपकिल्लीचा सांकेतिक संदेश मिळतो.

नाविकचा उपयोग केवळ सेनेला आहे असेही नाही. पालघरच्या कोळी बांधवांना विचारा. समुद्रावर रेघ आखलेली नसते. रात्रीच्या अंधारात होडी सागरी सीमेपलीकडे गेली की पाकिस्तानी तुरुंगाची वर्षे नशिबी येतात. पालघर जिल्ह्यातील घरांनी हे भोगले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच, इस्रोने विकसित केलेले संदेशयंत्र एक लाख नौकांवर बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. तांडेलाच्या हातातील त्या डबीला 'फुकट मिळते, मग कशाला' हा प्रश्न विचारून पाहावा.

वेळेची बाब तर त्याहूनही गंभीर. वीजवाहिन्यांची जाळी, पेढ्यांचे व्यवहार, भ्रमणध्वनीचे मनोरे यांना सेकंदाच्या सूक्ष्म भागापर्यंत एकवाक्यता लागते. ती वेळ बहुतेक ठिकाणी निमूटपणे जीपीएसवरून घेतली जात आली. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे दायित्व दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे, तिची अणुघड्याळे आहेत. परंतु तिची वेळच वापरावी अशी सक्ती करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध व्हावयास जानेवारी २०२५ उजाडले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षे आपल्या देशात किती वाजले हे दुसऱ्यास विचारण्यात आपल्याला काही वावगे वाटले नाही.

त्या रात्री जेवणानंतर भाच्याने आपल्या फोनवर एक साधन उघडले. माथ्यावरचे कोणते उपग्रह ऐकू येत आहेत, ते त्यात देशवार दिसते. आम्ही दोघे गच्चीत गेलो. अमेरिकेचे होते, रशियाचे होते, युरोपचे होते. सर्वांत लांब रांग चीनच्या बैदूची होती. नाविकच्या ओळी सापडल्या दोन. भाचा बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिला. "म्हणजे मामा, मघाशी रिक्षा ज्यांच्या भरवशावर चालली होती, त्यांत चिनी उपग्रहही होते?" मी होय म्हणालो. खाली बहिणीने निरांजन लावून ओवाळण्यासाठी हाक मारली, तेव्हा तो पुन्हा त्या दोन ओळी मोजत होता.